हळदकुंकू वाहिलेली चावी

दिगंबरभावजी परक्या माणसाशी फोनवर बोलतानासुद्धा उभे राहत. पलीकडच्याला आपण दिसत नाही हे माहीत असूनही शर्टाचं वरचं बटण लावत आणि सुरुवात करत, "नमस्कार साहेब, मी चोर नाही." त्या एका हिवाळ्यात हे वाक्य मी इतकं ऐकलं की भाजी चिरताना माझ्याही मनात तेच घोळायचं.

भावजी माझे धाकटे दीर. जाऊबाई लवकर गेल्या, मग माझे यजमानही गेले. कुकटपल्लीच्या घरात उरलो सासूबाई, भावजी, त्यांची मुलगी अश्विनी आणि मी. पुढच्या खोलीत भावजी कॉम्प्युटरवर गाणी तयार करत. भजनी मंडळांना, लग्नघरांना साथीचं संगीत इथूनच जायचं. त्यांना काम पुरं झालं असं कधी वाटायचं नाही. मी ताट वाढून हाक मारली की म्हणत, "आलो वहिनी, अजून जरा कच्चं आहे." ताट झाकायचं आणि बसायचं, हे माझं काम. गिऱ्हाईक दारात येऊन बसलं की त्याचं गाणं पक्कं व्हायचं. घरच्या गाण्यांसाठी कोण दारात बसणार? ती सगळी कॉम्प्युटरवरच्या संगीताच्या प्रोग्राममध्ये कच्चीच पडून होती आणि त्या प्रोग्रामशिवाय उघडत नव्हती.

त्यातलंच एक सासूबाईंचं हळदीचं गाणं. आमच्याकडे घरातली सर्वांत मोठी बाई पहिलं गाणं म्हणते, मगच नवरीला हळद लागते. ते भावजींनी आईच्या आवाजात भरून घेतलं होतं. पुढे सासूबाईंना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. अश्विनीचं लग्न ठरलं तेव्हा भावजी त्यांच्या उशाशी वाकून म्हणाले, "आई, पहिलं गाणं तूच म्हणायचंस. मी आहे ना." सासूबाईंनी चांगल्या हाताने त्यांचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

मग खंडेनवमी आली. भावजींनी पाटावर पेटी, माईक आणि त्या प्रोग्रामची चावी मांडली. चावी म्हणजे बोटाच्या पेराएवढी वस्तू. ती कॉम्प्युटरला लावल्याशिवाय प्रोग्राम चालू व्हायचा नाही. त्यांनी सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, फुलाने पाणी शिंपडलं. दसऱ्याला चावी पुसून लावली, तर तिच्या तोंडात ओलं कुंकू राहिलेलं. कॉम्प्युटर जागीच बंद पडला.

दुरुस्तीवाल्याने तो उघडून बघितला. "साब, पूजा करे सो ठीक है, पानी कैकू डाले?"

"सूखी पूजा होती क्या मियां?" भावजी म्हणाले.

त्याने कॉम्प्युटर पुसून कोरा करून दिला. गाणी वेगळ्या डब्यात होती म्हणून वाचली. भावजींनी प्रोग्राम पुन्हा भरला, पण चावी मेलेली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पडद्यावरचं इंग्रजी मला कळत नाही. चावी चालत नाही म्हणून सांगणारी लाल अक्षरं तेवढी ओळखीची झाली. ती दिसली की मी चहा ठेवायची.

प्रोग्राम विकणाऱ्या कंपनीच्या फोनवर दर वेळी नवा माणूस. दर वेळी पहिल्यापासून सांगायचं. "मी चोर नाही साहेब. प्रोग्राम पैसे मोजून घेतलाय. घर माझंच आहे, चावी तेवढी मोडली." एकदा एका मुलीने विचारलं, "सर, चाबी पर पानी गिरा था क्या?"

"गिरा नहीं मॅडम, मैंने छिड़का."

"क्यों सर?"

"नवमी थी."

अश्विनीने कपाळाला हात लावला. "बाबा, आपोआप बंद पडली म्हणायचं ना. आता कोण देणार नवीन?"

"माझी वस्तू, माझी पूजा. त्यात लपवायचं काय?"

"लाइट घ्या मग, सोडून द्या. मोबाइलवर लावू कुठलंतरी हळदीचं गाणं."

भावजी बटण काढून खुर्चीत बसले. त्या दिवसांत ते फार थकलेले दिसत. मीही थकले होते. लग्नाचे पापड, कुरडया, त्यात सासूबाईंचं सगळं अंथरुणात. फोन वाजला की सासूबाईंची मान दाराकडे वळायची. त्यांना काय विचारायचंय ते मला कळायचं. मी ‘अजून नाही’ म्हणून मान हलवायची.

कंपनीने चावीच्या पाठीवरच्या आकड्यांचा फोटो मागितला. आकड्यांवर कुंकू बसलेलं. मी कापसाला खोबरेल लावून हळूहळू पुसत होते आणि भावजी माझ्या डोक्याशी उभे. "जपून वहिनी, आकडेच जायचे." आकडे स्पष्ट दिसू लागले. फोटो गेला. पुन्हा फोन, पुन्हा वाट.

तुळशीचं लग्न झालं, घरात पाहुणे आले, आणि हळदीच्या आदल्या दिवशी कुरियरने नवी चावी आली. भावजींनी ती लावली. लाल अक्षरं गेली. त्यांनी सासूबाईंचं गाणं उघडलं आणि डोक्याला हात लावून बसले. तबला नाही, पेटी नाही, बासरी नाही. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये साठवलेली ती वाद्यं तो कोरा केला तेव्हाच पुसली गेली होती. इतक्या वर्षांची त्यांची मेहनत गेली आणि आईचा आवाज तेवढा राहिला.

"असं उघडं कसं ऐकवू वहिनी? मधलं काही कापलेलंसुद्धा नाही."

मी म्हणाले, "सासूबाईंना सांगितलंय तुम्ही." याहून जास्त बोलायची मला सवय नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना खुर्चीत बसवलं. अश्विनी पाटावर, हळदीची वाटी तिच्यासमोर. भावजींनी गाणं लावलं. साथ नसलेला म्हातारा आवाज खोलीभर झाला. बायका बोलायच्या थांबल्या. सासूबाई एकटक समोर बघत होत्या, ओठ हलत होते. दोन कडवी झाली. मग त्या आवाजाला ठसका लागला, गाणं थांबलं, आणि त्याच आवाजात ऐकू आलं, "दिगू, जरा पाणी दे रे."

कुणीतरी हसलं. भावजी मात्र ताडकन उठले. आत जाऊन पेला भरून आणला, आईच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसले आणि पेला तिच्या ओठांना लावला. सासूबाई पाणी प्याल्या. मागे गाणं पुन्हा सुरू झालं होतं, आणि बायकांनी अश्विनीला हळद लावायला घेतली.