फालशांचा रस आणि दादांचं नाक

फालसे बाजारात असतात जेमतेम तीन आठवडे. मे महिन्यात हातगाडीवर ओल्या फडक्याखाली ही जांभळट, वाटाण्यापेक्षा थोडी मोठी फळं येतात आणि आभाळात ढग दिसायच्या आत गायबही होतात. सकाळी आणलेले संध्याकाळपर्यंत मऊ पडतात, म्हणून रस त्याच दिवशी करावा लागतो. आमच्या धारच्या घरी तो वडील करत. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. एरवी दादांनी स्वयंपाकघरात साधा चहाही कधी केला नाही, पण फालशांच्या पातेल्याला ते आईलासुद्धा हात लावू देत नसत.

आंघोळ करून, धोतर नेसून ते पाटावर बसत. फालसे निवडायचे, धुवायचे, कल्हईच्या पातेल्यात हाताने कुस्करायचे. मिक्सरचं नाव काढलं की चिडत, कारण बी फुटली की रस कडवटतो. मग मलमलीच्या फडक्यातून पिळायचं, चोथ्यावर माठाचं पाणी घालून पुन्हा पिळायचं. साखर, भाजून कुटलेलं जिरं, दोन-चार मिरी, चुरडलेला पुदिना. आणि सगळ्यात शेवटी काळं मीठ.

इथे खरी परीक्षा असे. देवाला दाखवल्याशिवाय काही जिभेला लावायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. भाजी-आमटीचं मीठ आईच्या हाताला माहीत होतं, पण फालसे रोज वेगळे: कधी आंबट, कधी नुसतेच तुरट. मोजमाप उपयोगाचं नव्हतं. म्हणून दादा वासावर जात. चिमूट टाकायची, ढवळायचं, पातेल्यावर वाकून डोळे मिटायचे. "अजून नाही." पुन्हा चिमूट. मग एकदम मान वर करून म्हणायचे, "बस." माझ्या जन्मापासून ते बस कधी चुकलेलं मला आठवत नाही. आई म्हणायची, "लोकं जिभेनं चव घेतात, आमच्याकडे नाकानं."

पुढे रक्तदाबामुळे डॉक्टरांनी त्यांना मीठ तोडलं. तरी रस ते करतच राहिले. स्वतः घोटभरही घेत नसत, खुर्ची ओढून आमच्यासमोर बसत आणि आमची तोंडं बघत. लग्न होऊन देवासला आल्यावरही मे महिन्यात मी मुलांना घेऊन धारला जायची. खरं कारण फालसेच. इंदूरला बस बदलताना मुलं कुरकुरली की मी रसाची लालूच दाखवत असे.

मग करोना आला. दादा त्यातून वाचले, पण नाक गेलं. आईला हे आधी कळलं; गॅसवर दूध करपून घरभर वास सुटला होता आणि दादा शेजारीच पेपर वाचत बसले होते. विचारलं तर म्हणाले, "थोडं कमी झालंय. येईल." ते आलं नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांनी फालसे आणलेच. गाडीवाल्याशी नेहमीसारखी हुज्जत घातली, "क्या भिया, कल के माल में पानी मार के लाए हो?" पाटावर बसले. चिमूट टाकली, वाकले, डोळे मिटले. "अजून नाही." मी दारातून बघत होते. वास येईना म्हणून ते घालतच गेले, आणि मला तर दारापर्यंत काळ्या मिठाचा भपकारा येत होता.

नैवेद्य झाला. पेला माझ्या हातात आला. पहिल्या घोटाला जीभ आकसली. दादा समोर बसलेले. आईने डोळ्यांनी खुणावलं: गप्प.

मी मुळात फटकळ. सासरी, शाळेत, भाजीबाजारात माझं तोंड माहीत नाही असा माणूस नसेल. पण त्या दिवशी मी पेला एका दमात रिकामा केला आणि म्हणाले, "वा दादा! तीच चव." मुलांनीही माझ्या डोळ्यांकडे बघून कसाबसा संपवला. आजारपणानंतर त्यांची स्कूटर सुटली होती, अमावास्येला धरमपुरीला नर्मदेवर जाणं सुटलं होतं. हेही काढून घ्यायचं मला जिवावर आलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा तसंच झालं, आणि पुन्हा मी तेच म्हणाले.

त्यानंतरच्या संक्रांतीला मी धारला गेले होते. तिळगूळ झाला, आणि दादा सहज बोलल्यासारखे म्हणाले, "यंदा फालसे आणणार नाही मी."

"का हो?"

"तुम्ही पूर्वी अर्धा-अर्धा तास एक पेला घेऊन बसायचात. वर आणखी द्या म्हणायचात. दोन वर्षं झाली, सगळे औषध प्यायल्यासारखे पिताय. पातेल्यात उरतं ते तुझी आई संध्याकाळी ओतून देते. मला काय दिसत नाही?"

मी सगळं सांगून टाकलं, आईच्या खुणेसकट. वाटलं, आता रागावतील. रागावले नाहीत.

"अगं, मग तेव्हाच सांगायचंस ना," ते म्हणाले. "तुझं नाक शाबूत होतं. माझ्या शेजारी उभी राहिली असतीस. मी चिमूट टाकली असती, तू वास घेतला असतास. दोन उन्हाळ्यांत शिकली असतीस. चांगुलपणा कसला करत बसलीस?"

मला रडू आलं. मग त्यांनीच माझी समजूत घातली. म्हणाले, "मे महिन्यात ये. लवकर ये. या वेळी तू पाटावर बस, मी खुर्चीवर बसतो. पहिल्या वासाला काय म्हणतात, दुसऱ्याला काय, सगळं सांगतो. कुठे थांबायचं ते आपण दोघं मिळून काढू."

फाल्गुनात दादा गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, असं सगळे म्हणाले. मला मात्र राहून राहून मे महिनाच आठवत होता. दीडच महिना राहिला होता.

आईला मी देवासला घेऊन आले. मे महिन्यात इथल्या देवीच्या टेकडीच्या रस्त्यावर फालसे दिसले, तेव्हा गाडीसमोर मी कितीतरी वेळ नुसतीच उभी राहिले. शेवटी अर्धा किलो घेतले. घरी येऊन आंघोळ केली, पाट मांडला, निवडले, कुस्करले, पिळले. तिथवर हातांना सगळं माहीत होतं, इतक्या वर्षांचं बघून. आईला विचारलं, "काळं मीठ किती?" ती म्हणाली, "मला कधी जवळ येऊ दिलं होतं का त्यांनी?"

मी चिमूट टाकली, वाकले, डोळे मिटले. वास आला. आणखी एक चिमूट. पुन्हा वास आला, थोडा वेगळा. माझं नाक अगदी चांगलं आहे. पुदिना कळत होता, जिरं कळत होतं, फालसे कळत होते. बस कधी म्हणायचं, तेवढंच कळत नव्हतं.