रंगचाचाचा हिरवा

हिरवा नावाचा रंग जगात आहे, हे रंगचाचाला मान्य नव्हतं. ‘हिरवा मंजी काय? नुसतं माणूस म्हटल्यासारखं झालं. कंचा माणूस, कुणाचा कोण, ते सांग की!’ असं तो समोरच्याला दरडावायचा. त्याच्याकडे रंगांची स्वतःची नावं होती. शेवाळाचा हिरवा वेगळा, कच्च्या सुपारीचा वेगळा आणि पोलीसपाटलाच्या दाराचा वेगळा. पांढऱ्यात ‘तापकऱ्याची जीभ’ म्हणून एक प्रकार होता. एका तांडेलानं तो आपल्या होडीसाठी मोठ्या हौसेनं निवडला आणि नाव कळल्यावर बदलून मागितला. चाचा म्हणाला, ‘नाव बदलून देतो. रंग तोच ऱ्हाईल.’

दिघीच्या खाडीवर होड्या आणि गलबतं रंगवणं हा त्याचा धंदा. त्यातही त्याचं नाव होतं ते जोड लपवण्यासाठी. गलबताची एखादी फळी कुजली, नवी बसवली, की तिला जुन्या उन्हापाण्यानं विटलेल्या रंगात असं मिसळून टाकायचं की मालकालाही ती सापडू नये. मालक शोधायला बसला की चाचा लांब बसून विडी ओढायचा आणि वस्तू लपवायच्या खेळातल्यासारखं मध्येच ओरडायचा, ‘गार... गार... अजून गार!’ बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. खाडीकाठच्या खोपटात तो आणि फडक्यात गुंडाळलेले त्याचे ब्रश, एवढाच संसार. पण ऐट अशी की गलबतं याच्या मेहेरबानीनंच तरंगतात.

मी त्या काळी बोर्लीला रावसाहेबांची मोटर हाकीत असे. रावसाहेब म्हणजे सुपारीच्या बागांचे मालक. पंचक्रोशीत मोटर काय ती त्यांची. मुंबईहून आली तेव्हा गर्द हिरवी होती. पुढे ऊन, खारा वारा आणि म्हसळ्याच्या रस्त्याची तांबडी धूळ खाऊन तिचा रंग असा काही झाला होता की त्याला नाव देणं माझ्यासारख्याचं काम नव्हे. एकदा वाटेत रावसाहेबांनी मोटर थांबवली आणि उतरून कुणाशी तरी बांधाच्या भांडणावर बोलत राहिले. एका म्हशीला तेवढ्यात अंग खाजवायची लहर आली. मोटर जागची हलली नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन. म्हशीनं दरवाजावर शिंग घासलं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोहारानं पत्रा ठोकून सरळ केला, पण रंगाचं काय?

रावसाहेब मुंबईहून रंगारी आणायला निघाले होते. बाईसाहेब म्हणाल्या, ‘दिघीला चाचा असताना मुंबई कशाला?’ चाचा आला. त्यानं मोटरीला प्रदक्षिणा घातली आणि पहिला प्रश्न केला, ‘हिचं पुढचं टोक कंचं?’ मी दाखवलं. तिथं नारळ फोडल्याशिवाय तो दरवाजाला हात लावेना. होडीचा रिवाज तोच मोटरीचा, कारण दोन्ही माणसं वाहून नेतात. नारळ झाल्यावर तो मोटरीकडे पाठ करून चहा प्यायला बसला. मी कारण विचारलं, तर म्हणाला, ‘रंगाला गरज दाखवायची न्हाय रे डायवर. भाव खातो.’

मग उठून त्यानं भर बाजारात हात वर करून सांगितलं, ‘ज्याला जोड दिसंल त्यानं बोलायचं. त्याच दिशी माझे ब्रश खाडीत!’ कुणी त्याला पैज घातली नव्हती. पण चाचाला पैजेला दुसरा माणूस लागत नसे.

सफेता, पिवडी, काजळी, नीळ असे डबे मांडून त्यानं रंग कालवला. कालवला तो मुशी माशाच्या तेलात. होडीच्या लाकडाला तेच तेल लागतं, आणि त्याच्या मते पत्र्याला त्याची चटक नसण्याचं काही कारण नव्हतं. दरवाजा वाळेपर्यंत बोर्लीतली यच्चयावत मांजरं मोटरीभोवती जमली. पुढं मी भोंपू वाजवला की माणसं बाजूला होत आणि मांजरं जवळ येत. पण काम पुरं झालं तेव्हा कलत्या उन्हात कुणालाही जोड सापडली नाही, हे खरं. रावसाहेबांनी चाचाची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटर बाजारात उभी केली आणि उतरून वळून पाहिलं. मोटर हिरवी आणि दरवाजा चक्क निळा! अख्ख्या बाजारानं पाहिलं. कुणी बोललं नाही. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नसे तो पोलीसपाटीलसुद्धा एकदम सुपारी कातरायला लागला. मी खोपटावर जाऊन चाचाला हळूच म्हटलं, ‘चाचा, दुपारचा जरा वेगळा वाटतो हो.’ त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. ‘रंग चुकत न्हाय. ऊन चुकतं. दुपारी गाडी काढतोस कशाला?’

आता हसाल, पण आम्ही खरोखरच दुपारची मोटर काढायची बंद केली. रावसाहेबांचं म्हसळ्याच्या कचेरीत काम असायचं. ते दिवस कलल्यावर निघायचे आणि कचेरीला कुलूप बघून परत यायचे. ‘हवा छान होती,’ असं घरी सांगायचे.

उलगडा बाईसाहेबांनी केला. रंग कालवताना चाचानं त्यांना विचारलं होतं, ‘बाय, ही नीळच ना? काजळीगत दिसते.’ तेव्हा त्यांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं होतं. दोन्ही बुबुळांवर साय धरली होती. मोतीबिंदू. निळा रंग त्याला दिसतच नव्हता, म्हणून तो नीळ ओतत राहिला होता. मी दिघीला जाऊन तांडेलांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘आमच्या होड्या बगितल्यास न्हाय काय?’ निम्म्या होड्या निळ्या होत्या. ‘आता आमाला निळाच आवडतो,’ त्यांनी सांगितलं आणि विषय संपवला. बाईसाहेबांनी मुंबईला नेऊन डोळे कापवून आणायचं सुचवलं, तर चाचा उसळला, ‘मी काय पापलेट हाय, कापायला?’

एक जण जरी खरं बोलला असता तरी ब्रश खाडीत गेले असते, आणि ब्रश गेल्यावर त्या खोपटात चाचा कशासाठी उठला असता? माझा जीव तुटायचा. रावसाहेब मात्र तोडगा काढणारे गृहस्थ. म्हणाले, ‘सगळी मोटरच दरवाजासारखी करून घेऊ. मग जोड कुठली?’ पण चांगले पत्रे रंगवायला चाचा कसा येणार? तेव्हा पत्रे वाईट करणं भाग होतं. ते काम त्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, ‘मी पगार घेतो तो मोटर सांभाळायचा.’ ‘मग बाजूला हो,’ म्हणाले. धोतराचा काचा मारला, माजघरातून मुसळ आणलं आणि जिच्यावर धुळीचा कण बसलेला त्यांना खपत नसे त्या मोटरीच्या मडगार्डवर डोळे मिटून हाणलं.

‘म्हैस पुन्हा आली होती,’ त्यांनी चाचाला निरोप पाठवला.

म्हैस वरचेवर येऊ लागली. दुसरं मडगार्ड झालं, दरवाजे झाले, बॉनेट झालं. दर वेळी नारळ, दर वेळी पाठ करून चहा, दर वेळी नवा निळा. मागच्या सीटवर एका मांजरीनं पिलं घातली. रावसाहेब आनंदात होते. शेवटी मागचा एक पत्रा उरला.

त्याला पोचा पाडून त्यांनी चाचाला बोलावलं, आणि उत्साहाच्या भरात मुसळ हातातच राहिलं. चाचानं पत्र्यावरून तळहात फिरवला. बराच वेळ फिरवला.

‘रावसाब,’ तो म्हणाला, ‘म्हशीला शिंग असतं. हा पोचा गोल हाय. आणि म्हैस अशी पत्रे मोजून घेत न्हाय.’

रावसाहेबांनी मुसळ पाठीमागं नेलं. चाचा माझ्याकडे वळला. ‘डायवर, तू सांग. दरवाजा कंचा झालता?’

मला खोटं बोलवेना. ‘निळा, चाचा.’

‘कुणाचा निळा?’

‘भर दुपारच्या दर्याचा.’

‘मंजी लईच,’ तो म्हणाला. त्यानं ब्रश फडक्यात गुंडाळले आणि खाडीची वाट धरली. त्याच्या मागं मुसळ घेतलेले रावसाहेब आणि त्यांच्या मागं मी. काठावर उभं राहून त्यानं ब्रश भिरकावले. नेमकी ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, ब्रश चिखलात पडले आणि त्यातले दोन सरळ उभे राहिले.

‘खाडीनं घेतले नाहीत,’ रावसाहेब आशेनं म्हणाले.

‘भरतीला घेईल. मी बसतो,’ म्हणून चाचा खाली बसला. रावसाहेबही आपलं पांढरंशुभ्र धोतर घेऊन त्याच्या शेजारी त्या चिखलात बसले. पाणी चढून ब्रश दिसेनासे होईपर्यंत दोघे तिथून हलले नाहीत. मला रडू कोसळलं.

त्यानंतर चाचा रोज रावसाहेबांच्या ओटीवर येऊन बसायचा. पुढं काही वर्षांनी तो गेला. मोटरीचा तो मागचा पत्रा तसाच राहिला, विटका हिरवा, पोचा पडलेला. रावसाहेबांनी त्याला कुणाला हात लावू दिला नाही.

चाचा असतानाच एकदा मुंबईचे एक पाहुणे आले होते, मोटरीतले जाणकार. मोटरीभोवती फिरून, नाकाला रुमाल लावून ते म्हणाले, ‘रावसाहेब, सगळी मोटर कुणी बिघडवली हो? मूळचा रंग या एवढ्याशा पत्र्यावर शिल्लक आहे.’

चाचा ओटीवरच होता. रावसाहेबांनी मुद्दाम आवाज चढवला. ‘छे, छे! मोटर मूळची हीच. तो मागचा पत्रा तेवढा एका मुंबईच्या रंगाऱ्यानं घालवला. बघा ना, जोड कशी डोळ्यांत खुपते.’

पाहुणे चरकले. वाकून पाहू लागले.

ओटीवरून चाचानं विचारलं, ‘मग त्यानं ब्रश टाकले काय खाडीत?’

‘कुठले टाकतो!’ रावसाहेब म्हणाले. ‘त्याला तुमच्याइतकी इज्जत असती तर काय हवं होतं, चाचा.’