बेशुद्ध बाई खाली कशी येणार?

मंगळवारी भरदुपारी धरमपेठेत, आमच्या कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर मी बेशुद्ध पडले… घाबरू नका. मला पडायलाच सांगितलं होतं.

तिथे माझं पिको-फॉलचं छोटंसं दुकान आहे. मागच्या महिन्यात खाली मीटरच्या खोलीत शॉर्ट सर्किट झालं, जिन्यात धूर भरला, आणि बिल्डिंगला एकदम जाग आली. कॅमेरे आले, आग विझवायचे लाल सिलिंडर आले, गेटवर शिट्टीवाला गार्ड आला. तो रोज माझ्या डब्याची पिशवी उघडून बघतो… मी म्हटलं, भाऊ, बॉम्ब नाही, झुणका आहे. वास घेतल्यावर तो जास्तच गंभीर झाला.

मग मॉक ड्रिल ठरलं. म्हणजे आग लागली असं समजून सगळ्यांनी जिन्याने खाली उतरायचं.

आदल्या दिवशी शालू दुकानात आली. ती आमच्याच मजल्यावर, समोरच्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. लहानपणी पोलिओ झाला, पायात कॅलिपर, हातात कुबडी. रोज लिफ्टने येते, लिफ्टने जाते.

"काकू, मी उद्या नाही येऊन राहिली."

"काहून वं?"

"सेक्रेटरी भाऊंनी सुट्टी घ्यायला सांगितलं. ड्रिलमध्ये लिफ्ट बंद राहते ना… उगाच त्रास नको म्हणे."

हसत हसतच सांगितलं तिनं. मग टेबलावरच्या हुकांशी खेळत म्हणाली, "त्या दिवशी धूर आला तेव्हा सगळे उतरून गेले, काकू. मी खिडकीपाशी तोंडाले ओढणी लावून बसली होती. कोणीतरी येईल म्हणून… धूर विरला, पण कोणी नाही आलं."

मी त्या दिवशी काटोलला होते, भाचीच्या साखरपुड्याला. मला यातलं काही माहीतच नव्हतं. पुढच्या वेळी धूर विरलाच नाही तर…

संध्याकाळी सेक्रेटरी वानखेडेभाऊ प्रत्येक मजल्यावर विचारत फिरत होते. ड्रिलमध्ये एक बेशुद्ध माणूस लागतो, कोण पडतं? फरशीवर लोळायला कोणी तयार नाही, सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे. मी म्हटलं, मी पडते.

भाऊ भलते खुश झाले. "काकू, नुसतं पडून राहा. कोणीतरी येऊन पाहून जाईल, मग तुम्ही या आपल्या चालत खाली."

मंगळवारी घंटा वाजली. मी चटई टाकून पडले. बाहेर पळापळ झाली, मग सगळं शांत… कोणी डोकावलंसुद्धा नाही. जरा वेळानं खालून टाळ्या ऐकू आल्या आणि पाठोपाठ भाऊंचा फोन.

"काकू, या खाली. झालं ड्रिल. समोसे थंडे होऊन राहिले."

"मी कशी येऊ गा भाऊ? मी बेशुद्ध आहे."

"मग फोन कसा उचलला?"

"फोनपुरती शुद्ध आली. आता परत चालली."

फोनमधून ड्रिल घेणाऱ्या ट्रेनरसाहेबांचं हसू ऐकू आलं. ते म्हणाले, बाईंचं बरोबर आहे, उचलून आणा त्यांना.

आले मग. वानखेडेभाऊ आणि खालचा मोबाइल रिपेअरिंगवाला इम्रान, स्ट्रेचर घेऊन. मी काही हलकी बाई नाही… आमचे हे आज असते तर म्हणाले असते, आधी क्रेन बोलवा. मी डोळे मिटले, पण तोंड काही मिटलं नाही. "आंटी, बेहोश आदमी इतना नहीं बोलता," इम्रान धापा टाकत म्हणाला. मी म्हटलं, ज्याची त्याची पद्धत असते बाबा.

पहिल्या मजल्याच्या वळणावर स्ट्रेचर अडकलं. जिन्यात साड्यांचे खोके रचलेले. आता बिल्डिंगमध्ये साड्यांचं दुकान एकच… वानखेडेभाऊंचं. भाऊंचा घाम पुसायला हातही मोकळा नव्हता. मी काहीच बोलले नाही. कधी कधी गप्प राहूनही चिडवता येतं.

कसेबसे खाली पोचलो. ट्रेनरसाहेबांनी भाऊंना विचारलं, बिल्डिंगमध्ये जिना उतरता न येणारं कोणी आहे का?

"नाही साहेब. कोणीच नाही."

मी स्ट्रेचरवर उठून बसले. "आज नाही. आज तिला सुट्टी दिली."

समोसे चावणारी तोंडं थांबली. भाऊ हळूच म्हणाले, "काकू, चारचौघांत तिले वाईट वाटू नये म्हणून सांगितलं होतं." खरं सांगते, मला ते खोटं वाटलं नाही. माणूस वाईट नाहीच. पण मी म्हटलं, "आग काय सुट्टी पाहून लागते का गा?"

शनिवारी परत ड्रिल झालं. जिन्यातले खोके हलले होते. शालू आली, तोंड एवढंसं करून… ट्रेनरसाहेबांनी आधी तिलाच विचारलं, कसं धरलेलं तुला सोसेल? मग पट्ट्याच्या खुर्चीत बसवून इम्रान पुढून, भाऊ मागून, असे तिला घेऊन निघाले. मी कुबडी घेऊन मागोमाग.

वळणावर ती म्हणाली, "थांबा जरा." दोघंही घाबरून जागच्या जागी.

"इतके वर्षं येऊन राहिली मी इथं… हा जिना आज पयल्यांदा पाहिला." मग कोपऱ्यातल्या तंबाखू-खर्र्याच्या पिचकाऱ्यांवर तिची नजर गेली. "काही खास नाही पण."

भाऊंना असं हसू फुटलं की खुर्ची पायरीवर टेकवावी लागली. शालूही हसत होती… त्या हसण्यात सोमवारी दुकानात हसली होती तसलं ओशाळं काही नव्हतं.

इम्रान, वानखेडेभाऊ, तुमच्या दोघांच्या कमरेला मनापासून थँक्यू. आणि ज्यांच्या ऑफिसात, बिल्डिंगमध्ये ड्रिल होणार असेल त्यांनी एवढंच विचारून घ्या… त्या दिवशी सुट्टी कोणाला दिली?