गच्चीवरची करपलेली वांगी

येरवड्यातल्या त्या सोसायटीत महिपती सरांचा शब्द शेवटचा असे. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. गच्चीवर भाजीपाल्याची बाग त्यांनीच सुरू केली आणि दर रविवारी खालच्या हॉलमध्ये बुद्धवंदनाही तेच घेत.

बागेसाठी ते मासळी आणि गूळ कुजवून खत करत. एका लिटर पाण्याला एक झाकण, ऊन उतरल्यावर पानांवर फवारा, असं सगळ्यांना बजावून सांगत. एप्रिलमध्ये टोमॅटोची पानं पिवळी पडली, वांगी खुंटली. त्यातच सोसायटीची सेक्रेटरी आणि सरांची जुनी विद्यार्थिनी अक्षता म्हणाली, "सर, पुढच्या आठवड्यात शेजारच्या सोसायट्यांची माणसं बाग बघायला येणार आहेत."

सरांना घाई झाली. त्यांनी खताची अर्धी बाटली पंपात ओतली आणि भर दुपारी सगळ्या कुंड्यांवर फवारली. गच्चीवर तेव्हा कुणीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, वांग्यांची फुलं गळून पडली. माणसं गच्चीवर जमली. अक्षतानं विचारलं, "हे कशानं झालं, सर?"

सरांच्या तोंडून निघून गेलं, "इंदुबाई माव्याच्या किडीवर साबणाचं पाणी मारतात ना, ते जास्त झालं असणार."

इंदुबाई तळमजल्यावर राहायच्या. हडपसरपलीकडच्या मळ्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं. सगळ्यांच्या नजरा वळल्या तशी त्यांनी पदर सावरला. "आसंल सर. माज्याच हातून झालं आसंल."

संध्याकाळी त्या घरोघरी जाऊन माफी मागून आल्या. सरांच्या दारातही आल्या. "तुमची मेहनत वाया गेली," एवढंच म्हणाल्या. सरांना त्यांना आत बोलवायचंही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते वर गेले, तर इंदुबाई एकेक पान साध्या पाण्यानं धूत होत्या. सर जिन्यातूनच चोरासारखे परतले. चार दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही.

रविवारी वंदना सुरू झाली. सर म्हणत होते, मागून सगळे म्हणत होते. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. सरांचा आवाज अडकला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकले. मागे कुणीतरी खोकलं.

"मी हे म्हणू शकत नाही," ते म्हणाले. "झाडं मी जाळली. खत जास्त घातलं, तेही भर उन्हात. इंदुबाईंचा काही दोष नाही."

मग अक्षता कोरडेपणानं म्हणाली, "वर्गात आम्ही असं केलं असतं, तर तुम्ही आम्हाला बाकावर उभं केलं असतं, सर." सरांनी मान हलवली.

वंदना संपल्यावर ते इंदुबाईंसमोर हात जोडून उभे राहिले. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला ठावं व्हतं. साबनाच्या पान्याला मासळीचा वास येतो व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"चार मान्सांत तुमाला खोटं कसं पाडायचं?"

माफी मागून मन हलकं होईल असं सरांना वाटलं होतं. ते आणखीच जड झालं. बाई जळकी पानं धूत राहिल्या, दोष अंगावर घेत राहिल्या, तेही सगळं ठाऊक असून!

"उद्या सकाळी या वर," इंदुबाई म्हणाल्या. "करपलेलं खुडून काढू. खत आता पंधरा दिस न्हाई, नुस्तं पानी."

सर गेले. पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवलं. वांग्याची पाच रोपं मेली, टोमॅटोंना महिन्याभरात नवी पालवी फुटली. त्यानंतर झाकण मोजून खत ओतायचं काम इंदुबाईंकडे गेलं आणि पंप पाठीवर घेऊन सर त्यांच्या मागून फिरू लागले. नवीन भाडेकरूंपैकी कुणी म्हणालं, "सर, बाग छान ठेवलीत हं," की ते इंदुबाईंकडे बोट दाखवत. बाईंच्या चेहऱ्याकडे बघायला मात्र त्यांना अजून जमत नव्हतं.