अर्ध्या भाकरीचं मूळ

आमच्या आत्याच्या यजमानांच्या तोंडून “माहीत न्हाय” हे शब्द सोलापुरात कुणी कधी ऐकले नव्हते. आम्ही त्यांना काका म्हणत असू. ते गिरणीत हजेरी घ्यायचे, पण खरा उद्योग नावांची आणि रूढींची मुळं शोधण्याचा. सोलापूर हे नाव सोळा गावांवरून पडलं, म्हणून ते ती गावं बोटांवर मोजून दाखवत आणि दर वेळी निराळीच गावं निघत. एकदा एसटी बिघडून आम्ही टेंभुर्णीला दुपारभर अडकलो, तर टेंभुर्णीसुद्धा सोळांत आली. तिथल्या चहावाल्याला त्याच्याच गावाच्या नावाची कुळकथा त्यांनी इतकी रंगवून सांगितली की तो शेवटी म्हणाला, “असंल की मालक. पर च्या घेनार का न्हाय?” आत्या म्हणायची, “ह्यांना मांजर आडवं का जातं त्ये ठावं हाय. बाजारातनं काय आणायचं तेवढं न्हाय.”

काकांना मूलबाळ नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीवर, शकूवर, त्यांचा भारी जीव. तिला अक्कलकोटला दिली आणि विहीणबाईंनी भर मांडवात सांगून टाकलं, “पैल्या पंचमीला सून म्हायेरी धाडत न्हाय आमी.” शकूचा चेहरा उतरला, काकांचा तिच्याहून जास्त. पाठवणीला बायका तिची ओटी भरत होत्या. काका सकाळपासून उपाशी, म्हणून आत्यानं त्यांच्या हातात महिनोन्महिने टिकणारी एक कडक भाकरी कोंबलेली. शकू पाया पडायला वाकली तसे ते गडबडले, भाकरी मोडली आणि अर्धी तिच्या ओटीत टाकली.

“मोडकी वस्तू ओटीत? ह्ये कुठलं वो?” विहीणबाई कडाडल्या.

काकांनी घसा खाकरला. “लई जुनी रीत हाय, विहीणबाई. अर्धी लेकीसंगं, अर्धी म्हायेरी. पैल्या पंचमीला लेकीनं येऊन जोड जुळवायची. न्हाय जुळली तर दोनी घरचं धान्य रुसतं.”

धान्य रुसायचं म्हटल्यावर विहीणबाई नरमल्या. “मग धाडाय पायजे की,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मी विचारलं, “काका, ही रीत कुठली हो?”

“माहीत न्हाय रे,” ते म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसत बसले.

पंचमीला शकू आली. विहीणबाईंनी तिच्याबरोबर ती अर्धी भाकरी हळदकुंकू लावून पाठवली होती. काकांनी आपली अर्धी डब्यातून काढली. जोड काही नीट जुळेना, पण काकांनी ती जुळली असं जाहीर केलं.

आता काका नाहीत. आमच्याकडे आणि अक्कलकोटलाही लेक निघाली की भाकरी मोडतात. परवा एका लग्नात एक वयस्कर गृहस्थ या रीतीचं मूळ थेट राजेरजवाड्यांच्या काळात नेत होते. मी त्यांना अडवलं नाही. काका असते तर त्यांनी भांडून ती आणखी जुनी केली असती. मला त्यांची फार आठवण आली.