मंडळातल्या रिकाम्या जागा

मी शिकलो तो माने सरांमुळे. आमच्या घरात दहावी ओलांडणारा मी पहिला. मध्यंतरी ऐंशीच्या घरातले सर एसटीने माझ्याकडे शहरात आले. गावच्या शाळेच्या संचालक मंडळातले जुने लोक एकेक करून गेले. नवे मिळाले नाहीत तर शाळा दुसऱ्या संस्थेच्या हाती जाईल, म्हणून ते माजी विद्यार्थ्यांची दारे हिंडत होते.

"सर, फोन करायचा होता."

"फोनवर नाही म्हणायला तुम्हाला सोपं जातं रे."

त्यांच्या वहीत आमची नावे होती. नकार दिलेल्यांपुढे पेन्सिलीने गैरहजेरीचा 'ग' लिहिला होता. वर्गातही मधल्या सुट्टीपर्यंत ते हजेरी पेन्सिलीनेच भरत, कारण वाडीवरची आम्ही मुले चालत उशिरा पोचायचो. पोचलो की 'ग' खोडायचे. आम्ही तेव्हा धापा टाकत का होईना, येत होतो. आता गाड्या आहेत, रस्ते आहेत, आणि सर अजून वाट पाहताहेत.

"विचार करून कळवतो," मी म्हणालो.

निघताना त्यांनी विचारले, "मुलगी कुठल्या शाळेत घातलीस?"

मी एका इंग्रजी शाळेचे नाव सांगितले.

"छान केलंस," म्हणाले, आणि वाकून चपला घालू लागले.

आठवड्याने मी पत्र टाकले:

"आदरणीय सरांना साष्टांग नमस्कार. मी गावात राहत असतो, तरी मुलीला आपल्या शाळेत घातले नसते. मग मंडळावर बसून दुसऱ्यांची मुले कुठल्या तोंडाने मागू? त्या दिवशी तुमच्यासमोर हे बोलवले नाही.

आपला विद्यार्थी."