भोंग्यामागचा बल्ब

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. विषय निघालाच तर "ते स्पीकर जुनेच होते हो" म्हणून बोलणं दुसरीकडे वळवायचो. आता आमच्या मंडळातले निम्मे गेले आणि उरलेल्यांना नीट ऐकू येत नाही. खरं लिहायला माझ्यासारख्या भित्र्याला ही वेळ सोयीची आहे.

मंडळ म्हणजे आम्ही सात-आठ निवृत्त अधिकारी. रविवारी सकाळी ठाण्यात टेंभी नाक्याजवळ एकाच्या घरी जमायचो, पोहे खात रेकॉर्डी लावायचो. ऐकायचो कमी, आवाजाबद्दल बोलायचो जास्त. कुणाला आवाज 'ओलसर' वाटे, कुणाला 'हवेशीर'. एकाला म्हणे स्पीकरची वायर बदललेली डोळे मिटून कळायची. एकदा वायर न बदलताच "बदलली" म्हणून सांगितलं, तरी त्याला फरक कळला! अशा लोकांत मी तज्ज्ञ होतो, कारण मी विजेच्या खात्यात नोकरी केली होती. म्हणजे फायलींवर सह्या केल्या होत्या.

यजमानांनी एका बंद पडलेल्या थेटरातले जुने स्पीकर आणले. खाली कपाटाएवढं खोकं जाड आवाजासाठी, वर पत्र्याचा भोंगा बारीक आवाजासाठी. भोंग्यामागे कागदाहून पातळ पडदा आणि केसासारख्या तारेचं वेटोळं. ते नवीन कुठेही मिळत नव्हतं. जाड आवाज तिकडे गेला किंवा जोर जास्त झाला, की ते संपलंच. म्हणून आवाजाची वाटणी करणारा क्रॉसओव्हर लागतो. तो कल्याणच्या एका मिस्त्रींनी बनवला. शिक्षण बेताचं, पण सारं आयुष्य लाउडस्पीकर उघडण्यात गेलेलं. आम्ही सोफ्यावर बसायचो, ते दाराजवळच्या स्टुलावर.

भोंग्याच्या वाटेत त्यांनी गाडीचा एक छोटा बल्ब जोडला.

"हे काय मिस्त्री, दिवाळी?" मी विचारलं. सगळे हसले.

"साहेब, कुणी आवाज फार उघडला की हा पेटतो. जादा जोर हा खातो, पडदा वाचतो."

"म्हणजे गाणं बल्बातून गाळून ऐकायचं?"

"ऐकण्यापुरत्या आवाजाला तो पेटतच नाही ना, साहेब."

प्रत्येक जोडावर सोल्डर थंड झालं की ते बायकोच्या नेलपॉलिशचा तांबडा ठिपका द्यायचे. मला ती हौस वाटली.

पुढच्या रविवारी पुण्याहून एक बडे रसिक येणार होते. माझ्या कानांची त्यांच्यापुढे लाज जाऊ नये, म्हणून आदल्या दिवशी यजमान भाजीला गेले असताना मी बल्ब काढला आणि तिथे सरळ तार जोडली. रविवारी पाहुण्यांनी मान डोलावली. मला चेव आला. तबल्याच्या रेकॉर्डला मी आवाज वाढवला, आणखी वाढवला. खर्र झालं, जळका वास आला आणि एक भोंगा कायमचा मुका झाला.

"मिस्त्रीचं सर्किट," मी म्हणालो. "मी आधीच सांगत होतो."

दुसऱ्या दिवशी "बघून घेतो" म्हणत गेलो आणि बल्ब परत जोडून आलो.

दोन दिवसांनी मिस्त्री आले. सगळे मुद्दाम जमले होते. त्यांनी खोकं उघडलं, बॅटरी मारली आणि बल्बाच्या दोन्ही जोडांवरून नख फिरवलं. बाकी प्रत्येक जोडावर तांबडा ठिपका होता, त्या दोनांवर नव्हता. तो ठिपका कशासाठी, ते मला तेव्हा कळलं. त्यांनी मान वर करून फक्त माझ्याकडे पाहिलं.

"काय हो, तुमच्या बल्बाने काय वाचवलं?" यजमान म्हणाले.

"नाही वाचवलं," म्हणत मिस्त्रींनी पक्कड पिशवीत टाकली.

स्टुलावरच्याने सोफ्यावरच्याला खोटं पाडायचं, हे त्या घरात चालणारं नव्हतं. त्यांना ते ठाऊक होतं. मलाही होतं, आणि मी त्याच भरवशावर गप्प बसलो.

मंडळाने गावभर सांगितलं. स्पीकरची कामं त्यांच्याकडे येईनाशी झाली. ते मिक्सर दुरुस्त करू लागले. मग मी डोंबिवलीहून आमचा मिक्सर घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागलो. माफीचं वाक्य रिक्षात घोकायचो आणि मिक्सर घेऊन परत यायचो. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी तो चालवून पाहिला.

"साहेब, ह्याला काही झालेलं नाही."

"आवाज करतो."

"मिक्सर आहे. आवाज करणारच."

मग त्यांनी नेलपॉलिशची बाटली काढली आणि बुडाच्या स्क्रूवर एक ठिपका दिला. "आता कुणी उघडला तर कळेल," म्हणाले आणि थांबले. चांगले थांबले. दुकानात आम्ही दोघंच होतो.

तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मिस्त्री खडवलीला राहायला गेले, असं ऐकलं. मी शोधलं नाही.

"बल्ब मी काढला होता, माफ करा." ते थांबले तेव्हा एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "मिक्सरचं झाकण द्यायचं राहिलं वाटतं."